मागावरचा कान

मॅच लागली की सून टीव्हीचा आवाज वाढवते.
मी हातानेच कमी कर म्हणतो.
"मामा, ऐका की, आत्याबाई बोलायल्यात."
बत्तीस वर्षं यंत्रमाग चालवलेल्या कानाला
पाच काय नि पन्नास काय.
शेजारच्या गुर्रमच्या नातवाची परीक्षा आहे.

मी वाट बघतो कॅमेरा वर जायची.
ओव्हर, सिमेंटची जाहिरात, पुन्हा ओव्हर,
आणि मधेच कधीतरी चार सेकंद
काचेमागची खोली.
दोन कोटवाले, त्यांच्यात माझी धाकटी अनसूया,
पिकले केस कानापर्यंत कापलेले, हातात माईक.
तेवढ्यात जमेल तितके ओठ मी वाचतो.
"लेंग्थ मागं ओढली," म्हणाली बहुतेक.

ओठ वाचायला आम्ही एकाच शेडमध्ये शिकलो,
साखर पेठेत, पत्र्याखाली, सहा माग.
तिथं ओरडून कुणी बोलत नसे.
अम्मा कांड्या भरता भरता नुसतं तोंड हलवायची:
धागा तुटला. मालक आला. पाणी आण.
अनसूया नऊ वर्षांची. मागच्या भिंतीवर
सुताचा चेंडू मारायची आणि
टप्प्याचा आवाज नसताना झेलायची, डाव्या हाताने.

पार्क मैदानावर पोरं म्हणाली, काय बे, पोरगी आणलास?
तिसऱ्या चेंडूला त्यांच्या म्होरक्याची मधली यष्टी
नळापर्यंत लोळत गेली.
मग कुणी काही म्हणालं नाही, बॅटिंगही दिली नाही.

किटची पिशवी मी शिवली,
मोराचा पाय चुकलेल्या रिजेक्ट चादरीची.
ती घेऊन ती देशाची कप्तान झाली.
देशाचा संघ जनरलच्या डब्यात, संडासाशेजारी,
पॅडवर डोकी ठेवून झोपायचा.
अकरा सामने. चार जिंकले, पाच हरले,
दोन नुसतेच संपले.
मी अशोक चौकात चहावाल्याचा रेडिओ फिरवत बसायचो,
तेव्हा दोन्ही कान शाबूत होते माझे,
रेडिओवर तुरीचे भाव.
दुसऱ्या दिवशी पेपरात दोन ओळी,
गड्ड्याच्या पाळण्यांच्या जाहिरातीखाली.
चिट्यालचं चितळे करून.

शेवटच्या सामन्यात टॉस जिंकून तिने त्यांना बॅटिंग दिली.
खेळपट्टी ओली वाटली म्हणे.
ती सकाळी दहापर्यंतच ओली होती.
महिन्याने कार्ड आलं, साधं, पंधरा पैशांचं.
ती गच्चीवर कपडे वाळत घालत होती.
मी जिन्यातूनच ओठ हलवले: गेली.
तिने मान हलवली, झंपर झटकला,
आणि चिमटा तोंडात धरून पुढचा पिळा उचलला.

आज कुठलीशी पोरगी कप्तान आहे,
बावीस-तेवीसची, कपाळावर झिंक फासलेलं.
तिनेही टॉस जिंकून बॅटिंग दिली.
दुपारपर्यंत समोरच्यांच्या दोनशेवर एक.
कोटवाले हसताना दिसले.
एकाने अनसूयाकडे वळून काही विचारलं.
पडद्यावर पोरगी फील्डर हलवत राहिली,
एक चेंडू, दोन, अख्खी ओव्हर.
सुनेने रिमोट तळहातावर आपटला.
"मामा, आवाजच गेला वाटतं."
गेला नाही गं, म्हटलं. ती गप्प बसलीय.
मला कसं कळलं, हे तिने विचारलं नाही,
सेल काढून परत घातले.

मग कॅमेरा पुन्हा वर गेला.
माईक तिने मांडीवर ठेवला होता.
सरळ काचेबाहेर बघत, शेडमधल्यासारखे
ओठ हलवले.
तिन्नवा?
कोटवाल्यांना वाटलं असेल, बाई बडीशेप चघळतेय.

तीन वाजून गेले होते. मी टीव्हीसमोर
मानेनेच नाही म्हणालो.
"काय म्हणाल्या ओ आत्याबाई?"
काही नाही, म्हटलं, बॉल जुना झालाय म्हणे.
उठलो, कडक भाकरी मोडली, शेंगाचटणी घेतली.
परत येईपर्यंत एक विकेट पडली होती,
ती मात्र हुकली.